गणितविदुषी सोफी झेर्मँ

१७८९ सालच्या जुलै महिन्यात पॅरिस शहर खवळून उठले होते. १४ तारखेला लोकांनी बास्तीलचा तुरुंग फोडला आणि फ्रान्सच्या राज्यक्रांतीला तोंड लागले. रस्त्यारस्त्यांत दंगे होत होते. केव्हा काय होईल याचा नेम नव्हता. अशा दिवसांत मुलींना घराबाहेर पाठविण्यास कोणते आईबाप धजतील? आंब्रवाझ झेर्मँ या रेशमाच्या व्यापाऱ्याची तेरा वर्षांची मुलगी सोफी हीही त्या दिवसांत घरात अडकून पडली. वडील नव्या राष्ट्रसभेचे सभासद होते. घरी रात्रंदिवस राजकारणाच्या चर्चा चालत. परंतु सोफीचे मन त्यात रमेना. ती वडिलांच्या ग्रंथसंग्रहाकडे वळली.

त्या संग्रहात मोंत्युक्ला या ग्रंथकाराने लिहिलेला गणिताचा इतिहास होता. तो चाळताना तिच्या वाचनात आर्किमिडीजच्या मृत्यूची कथा आली. रोमन सैन्याने सिराक्यूज शहर जिंकले, तेव्हा म्हातारा आर्किमिडीज भूमितीच्या आकृतीत गढून गेला होता. समोर येऊन उभ्या राहिलेल्या सैनिकाकडे त्याचे लक्षच गेले नाही आणि त्या सैनिकाने त्याला ठार केले. जो विषय माणसाला मरणाचाही विसर पाडतो, त्यात काहीतरी विलक्षण असले पाहिजे, असे त्या मुलीच्या मनाने घेतले. हाच विषय आपण शिकायचा असा तिने निश्चय केला.

निश्चय करणे सोपे होते. तो पार पाडण्यास मात्र ना शाळा होती, ना शिक्षक. न्यूटन आणि ऑयलर यांचे ग्रंथ लॅटिनमध्ये होते, म्हणून ती आपली आपणच लॅटिन शिकली. आईवडिलांना हे वेड मुळीच पसंत नव्हते. गणितासारखा रूक्ष विषय मुलीच्या प्रकृतीला झेपणार नाही आणि तिच्या संसाराला तर तो सर्वथा निरुपयोगी, अशी त्या काळच्या सुखवस्तू घरांतील समजूत होती. सोफीने रात्री उठून अभ्यास करू नये म्हणून त्यांनी तिच्या खोलीतील शेकोटी बंद केली, उबदार कपडे काढून घेतले आणि दिवाही नेला. ती निमूटपणे अंथरुणावर पडे. घरात सामसूम झाली, की लपवून ठेवलेल्या मेणबत्त्या काढी, रजया अंगाभोवती लपेटून घेई आणि अभ्यासास बसे. एका कडाक्याच्या थंडीच्या पहाटे ती मेजावरच झोपी गेलेली आढळली. दौतीतील शाई गोठून गेली होती आणि समोर गणितांनी भरलेली पाटी होती. त्यानंतर आईवडिलांनी विरोध सोडला. पुढे सोफीने विवाह केला नाही आणि वडिलांनी तिला जन्मभर द्रव्याची ददात पडू दिली नाही.

१७९४ मध्ये पॅरिस येथे एकोल पॉलितेक्निक ही सुप्रसिद्ध विद्यालयसंस्था स्थापन झाली. फ्रान्समधील थोर गणितज्ञ तेथे शिकवीत असत. सोफी तेव्हा अठरा वर्षांची होती, परंतु या विद्यालयाचे दरवाजे मुलींना बंद होते. तिने तेथील व्याख्यानांची टिपणे मिळविली आणि घरी बसून ती अभ्यासली. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी आपले विचार लिहून अध्यापकांना द्यावेत असा तेथे प्रघात होता. सोफीने ल ब्लां या विद्यार्थ्याच्या नावाने आपला कागद लाग्रांझ यांच्याकडे पाठवून दिला. लाग्रांझ हे युरोपातील अग्रगण्य गणितज्ञ. त्यांना त्या कागदात असामान्य बुद्धीची चमक दिसली आणि त्यांनी या ल ब्लांचा शोध घेतला. ल ब्लां ही एक तरुण मुलगी आहे हे कळल्यावर ते रागावले नाहीत. उलट तिला भेटून त्यांनी तिचे कौतुक केले आणि पुढेही तिला मार्गदर्शन केले.

ल ब्लां हे नाव सोफीने आणखी एकदा वापरले. १८०१ साली जर्मनीतील तरुण गणितज्ञ गाउस यांचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो समजणारे विद्वान त्या वेळी थोडेच होते. सोफीने त्याचा कसून अभ्यास केला आणि १८०४ पासून ती गाउस यांना पत्रे लिहू लागली. स्त्रीचे पत्र म्हणून ते बाजूला पडेल अशी तिला भीती वाटली, म्हणून सही पुन्हा ल ब्लां हीच. १८०६ साली नेपोलियनच्या फौजा गाउस राहत असलेल्या ब्रन्सविक शहरात शिरल्या. सोफीला लहानपणी वाचलेली आर्किमिडीजची कथा आठवली असल्यास नवल नाही. सेनापती पेर्नेती हे तिच्या कुटुंबाचे स्नेही होते. गाउस यांच्या जिवाला अपाय होऊ नये, अशी तिने त्यांना विनंती केली. त्यांनी आपला एक अधिकारी मुद्दाम ब्रन्सविकला पाठविला. अधिकाऱ्याने सोफी झेर्मँ हिचे नाव सांगताच गाउस बुचकळ्यात पडले, कारण या नावाची कोणी स्त्री त्यांना ठाऊकच नव्हती! शेवटी १८०७ मध्ये सोफीनेच पत्र लिहून खुलासा केला. गाउस यांनी उत्तरात तिच्या बुद्धीची आणि धैर्याची मनमोकळी प्रशंसा केली. मात्र पुढे ते ज्योतिषशास्त्राच्या कामात गुंतले आणि १८०८ नंतर त्यांची उत्तरे येईनाशी झाली. सोफी पुन्हा एकटी पडली.

याच सुमारास पॅरिसमध्ये क्लाडनी नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ आले. त्यांचा प्रयोग पाहण्यास लोकांची झुंबड उडे. ते काचेची किंवा पितळेची एक पातळ तबकडी मध्यभागी पक्की धरीत, तिच्यावर बारीक वाळू भुरभुरवीत आणि तबकडीच्या काठावरून सारंगीच्या गजासारखा गज ओढीत. तबकडीतून सूर निघे आणि त्याच क्षणी वाळूचे कण नाचू लागत. नाचता नाचता ते ठराविक रेषांवर येऊन स्थिर होत. पाहता पाहता तबकडीवर चांदण्या, वर्तुळे, जाळी अशा रेखीव आकृत्या उमटत. बोटाने तबकडीला दुसऱ्या ठिकाणी स्पर्श केला, की सूर बदले आणि आकृतीही बदले.

हे कसे घडते? जेवणाच्या पितळी ताटाच्या काठावर हलकेच टिचकी मारली, तर ते घुमत राहते आणि हाताला त्याची थरथर जाणवते, हे तुम्ही अनुभवले असेल. या थरथरीला कंपन म्हणतात. कंपन पावणाऱ्या तबकडीचा सर्व भाग सारखा हलत नाही. काही भाग वरखाली होत असतात, तर त्यांच्या मधल्या रेषा स्तब्ध असतात. हलणाऱ्या भागावरील वाळू उडून जाते आणि स्तब्ध रेषांवर साचते. वाळूची आकृती म्हणजे न हलणाऱ्या जागांचा नकाशाच होय.

येथवर डोळ्यांना दिसले. परंतु अमुक आकाराच्या तबकडीवर अमुक सुराला हीच आकृती का उमटावी, हे गणिताने आधी सांगता येईल काय? ताणलेल्या तारेचे गणित त्यापूर्वी साठ वर्षे सिद्ध झाले होते. तार केवळ एक रेषा असते. पत्रा मात्र लांबीच्या दिशेने वाकतो, रुंदीच्या दिशेनेही वाकतो आणि प्रत्येक जागी निराळा वाकतो. क्लाडनींचा प्रयोग नेपोलियनने १८०९ साली स्वतः पाहिला आणि तो प्रभावित झाला. त्याच्या सूचनेवरून फ्रान्सच्या विद्वत्सभेने पारितोषिक जाहीर केले. कंपन पावणाऱ्या स्थितिस्थापक पृष्ठांचे गणित मांडावे आणि ते प्रयोगाशी जुळते हे दाखवावे, अशी अट होती. तीन हजार फ्रँक किमतीचे सुवर्णपदक मिळणार होते आणि मुदत दोन वर्षांची होती.

त्या वेळी उपलब्ध असलेली गणिताची साधने या कामास अपुरी आहेत, असे मत लाग्रांझ यांनी व्यक्त केले. ते ऐकून नामवंत गणितज्ञांनी या प्रश्नाचा नाद सोडला. १८११ साली मुदत संपली तेव्हा परीक्षकांपुढे एकच निबंध आला होता. तो सोफी झेर्मँ हिचा होता.

तिची मूळ कल्पना साधी होती. वाकलेला पत्रा पुन्हा सपाट होऊ पाहतो. हा जोर कशावर अवलंबून असावा? पत्र्यावरील एका बिंदूपाशी परस्परांना काटकोनात असलेल्या दोन मुख्य दिशा घ्याव्या आणि प्रत्येक दिशेने पत्रा किती वाकला आहे, म्हणजे त्याची वक्रता किती, हे पाहावे. या दोन वक्रतांची बेरीज जितकी अधिक, तितका पत्र्याचा परत येण्याचा जोर अधिक, असे तिने गृहीत धरले. पन्हळ एकाच दिशेने वाकलेली असते, म्हणून तेथे एकच वक्रता मोजावी. वाटीचा तळ दोन्ही दिशांनी वाकलेला असतो, तेथे दोन वक्रता मिळवाव्या.

कल्पना चांगली होती, पण तिच्यापासून समीकरण काढताना सोफीचा हिशेब चुकला. वरच्या दर्जाच्या गणिताचे पद्धतशीर शिक्षण तिला मिळाले नव्हते आणि निबंध पाठविण्यापूर्वी तो तपासून देणारे तिच्याजवळ कोणी नव्हते. विद्यालयात शिकलेल्या तरुणाला अशी चूक एखादा सहाध्यायी सहज दाखवून देतो. परीक्षकांनी पारितोषिक नाकारले. त्यांत लाग्रांझ होते. त्यांनी मात्र तिची कल्पना टाकून दिली नाही. तीच कल्पना धरून त्यांनी हिशेब दुरुस्त केला आणि पत्र्याच्या कंपनांचे बरोबर समीकरण त्यातून निघाले.

स्पर्धेची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. १८१३ साली सोफीने दुसरा निबंध पाठविला. यावेळीही स्पर्धक ती एकटीच होती. दुरुस्त समीकरणावरून काढलेली उत्तरे क्लाडनींच्या काही आकृत्यांशी जुळतात, हे तिने दाखविले. तथापि मूळ कल्पनेपासून समीकरणापर्यंतचा तर्क तिला नीट बांधता आला नव्हता. परीक्षकांनी निबंधाचा सन्मानपूर्वक उल्लेख केला, पण पदक दिले नाही. लाग्रांझ त्याच वर्षी वारले होते. पुढच्या वर्षी प्वासाँ या गणितज्ञाने याच विषयावर आपला स्वतंत्र निबंध विद्वत्सभेत वाचला. प्वासाँ सभेचा सभासद होता, त्यामुळे स्पर्धेत उतरणे त्याला शक्य नव्हते. सभेत त्याच्या मताला वजन होते, आणि सोफीच्या कामाविषयी त्याला फारशी आस्था नव्हती. ती बिचारी सभेच्या दाराबाहेर!

दोनदा नकार आल्यावर एखाद्याने हा विषय सोडून दिला असता. सोफीने घरी स्वतः तबकड्यांवर प्रयोग केले, वाळू टाकून आकृत्या पाहिल्या, सूर तपासले आणि सपाट पत्र्याबरोबर वक्र पृष्ठांचाही विचार केला. १८१५ साली तिसरा निबंध गेला आणि जानेवारी १८१६ मध्ये पदक तिला जाहीर झाले. फ्रान्सच्या विद्वत्सभेचे असे पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री होय. समारंभाला ती गेली नाही. ही विदुषी कशी आहे हे पाहण्यासाठी जमलेल्या लोकांची मोठीच निराशा झाली.

हे पदक तिला कोणी दया म्हणून दिले नव्हते. पण तिसरा निबंधही सर्वस्वी निर्दोष नव्हता आणि परीक्षकांनी तसे नमूद करून ठेवले. उणीव कोठे होती, हे खोगिराच्या आकारावरून ध्यानात येईल. खोगीर एका दिशेने वर वळलेले असते, तर दुसऱ्या दिशेने खाली. अशा जागी एक वक्रता अधिक आणि दुसरी उणे धरली, तर त्यांची बेरीज शून्यही होऊ शकते. मग सोफीच्या नियमाप्रमाणे तेथे जोरच उरत नाही. परंतु खरा पत्रा तसा वाकण्यासही विरोध करतो. यामुळे पत्र्याच्या आतील भागाचे समीकरण बरोबर राहिले, तरी मोकळ्या कडांवर काय घडते याचा नियम तिला बरोबर मिळाला नाही. तो नियम जर्मनीतील किर्खोफ या शास्त्रज्ञाने १८५० साली बसविला. १८२१ मध्ये सोफीने आपले हे संशोधन स्वतःच्या खर्चाने छापून प्रसिद्ध केले.

संख्याशास्त्राची तिची आवडही सुटली नव्हती. तीनचा वर्ग आणि चारचा वर्ग मिळविला तर पाचचा वर्ग येतो, हे तुम्हांला माहीत आहे. परंतु दोन पूर्ण संख्यांचे घन मिळवून तिसऱ्या पूर्ण संख्येचा घन कधी येत नाही, आणि घनाच्या पुढच्या घातांचेही तसेच, असे फेर्मा या गणितज्ञाने सतराव्या शतकात लिहून ठेवले होते. त्याची सिद्धता कोणालाच सापडत नव्हती. एकेका घाताचा वेगवेगळा विचार करीत बसण्याऐवजी अनेक घातांना एकदम लागू पडेल अशी युक्ती सोफीने शोधली. तिच्या युक्तीने शंभराच्या आतील सर्व विषम मूळ संख्यांच्या घातांसाठी या प्रश्नाचा एक मोठा भाग सुटला. जी मूळ संख्या दुप्पट करून एक मिळविल्यावर पुन्हा मूळ संख्याच येते, तिला आज सोफीचे नाव दिलेले आहे. पाच घ्या, अकरा येतात. अकरा घ्या, तेवीस येतात. सात मात्र चालत नाही, कारण पंधरा ही मूळ संख्या नव्हे. पूर्ण सिद्धता लाभण्यास १९९५ साल उजाडावे लागले.

१८२२ मध्ये फूर्ये हे गणितज्ञ फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे चिटणीस झाले. सोफीशी त्यांचा स्नेह होता. त्यांच्या खटपटीमुळे तिला अकादमीच्या बैठकींना बसण्याची परवानगी मिळाली. त्यापूर्वी सभासदांच्या पत्नींखेरीज कोणा स्त्रीला तेथे प्रवेश नसे. सभासद मात्र तिला कधीच करून घेतले नाही.

१८२९ मध्ये तिला कर्करोगाने गाठले. वेदना तीव्र होत्या. १८३० च्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली, रस्त्यांत गोळ्या सुटू लागल्या, आणि ही आजारी बाई आपले कागद पुढे ओढून पृष्ठांच्या वक्रतेवर लिहीत होती. तो निबंध १८३१ मध्ये एका जर्मन नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी २७ जून रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी तिचे निधन झाले. पॅरिसमधील पेर लाशेज स्मशानभूमीत तिला पुरले. सरकारी दप्तरातील मृत्यूच्या नोंदीत व्यवसायाच्या रकान्यात गणितज्ञ असे कोणी लिहिले नाही, तर मिळकतीच्या उत्पन्नावर राहणारी बाई असे लिहिले. १८८९ साली पॅरिसमध्ये आयफेलचा लोखंडी मनोरा उभा राहिला, तेव्हा त्यावर ७२ शास्त्रज्ञांची व स्थापत्यविशारदांची नावे कोरली गेली. लोखंडासारखे पदार्थ किती वाकतात आणि कसे परत येतात हाच तिच्या अभ्यासाचा विषय. पण त्या ७२ नावांत तिचे नाव नव्हते. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने तिच्या नावाचे गणिताचे पारितोषिक २००३ पासून देण्यास सुरुवात केली.

क्लाडनींची तबकडी हातात धरण्याजोगी होती. आजचे शास्त्रज्ञ ज्या तबकड्यांच्या कंपनांचे गणित करतात, त्या डोळ्यांना दिसतही नाहीत. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. २००४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात ग्रॅफाइटचा, म्हणजे तुमच्या शिसपेन्सिलीत असतो त्या पदार्थाचा, अवघ्या एका अणूच्या जाडीचा थर चिकटपट्टीने वेगळा काढण्यात आला. असा थर नॅनोमीटरच्या सुमारे एकतृतीयांश जाडीचा असतो. इतक्या सूक्ष्म तबकडीवर अतिसूक्ष्म कण येऊन बसला, तरी तिच्या कंपनांचा वेग बदलतो आणि त्यावरून त्या कणाचे वजन काढता येते.

अशी तबकडी पुष्कळदा एखाद्या मऊ पदार्थाच्या थरावर टेकलेली असते. हा थर गादीसारखा तिला खालून ढकलतो. शिवाय घुमणाऱ्या ताटावर बोट टेकविले की ताट जसे गप्प होते, तसा तो तिची कंपनेही शोषून घेतो. गादीच्या ढकलण्यासाठी समीकरणात एक पद घालावे लागते आणि कंपन शोषले जाण्यासाठी आणखी एक. तबकडी अणूंच्या मापाची असल्यामुळे तिच्यातील एका जागेवरचा जोर आसपासच्या जागांवरही अवलंबून राहतो; त्याचीही दखल घ्यावी लागते. ही सारी पदे ज्या समीकरणाला जोडली जातात, ते मात्र सोफीच्या १८११ सालच्या निबंधातील कल्पना धरून लाग्रांझ यांनी दुरुस्त करून काढलेलेच समीकरण आहे.